दगडातले झाड आणि बापाची इच्छा

बारावीच्या निकालानंतरचे दिवस आहेत. आमच्या बिरवाडीत पास झालेल्या मुलांपुढे घरच्यांनी वाट आधीच आखून ठेवलेली असते: केमिस्ट्री घ्यावी, नाहीतर फार्मसी करावी, म्हणजे एमआयडीसीत कुठेतरी लागता येते. परवा शेजारची मुलगी आली आणि हळूच म्हणाली, "चाची, मला बॉटनी करायची आहे. अब्बा म्हणतात, झाडपाल्याने पोट भरत नाही. तुम्ही त्यांना समजावा ना."

मी लगेच होकार दिला नाही. घरात कमावणारे तिचे अब्बा एकटेच, त्यांची काळजी खोटी नाही. संध्याकाळी दोघांनाही चहाला बोलावले आणि बिरबल सहानी यांची हकिकत सांगितली.

सहानींचा जन्म १८९१ सालचा, पंजाबातल्या भेरा गावचा. वडील रुचिराम सहानी लाहोरला रसायनशास्त्राचे प्राध्यापक. मुलाने आय.सी.एस. व्हावे ही त्यांची इच्छा. त्या काळात याहून मोठी नोकरी नव्हती. मुलाने अदबीने सांगितले की तुमचा हुकूम असेल तर जाईन, पण माझे मन वनस्पतींत आहे. वडिलांनी हुकूम केला नाही. १९११ मध्ये बिरबल केंब्रिजला गेले, १९१९ मध्ये परतले आणि १९२१ पासून लखनौ विद्यापीठात शिकवू लागले.

त्यांचा विषय होता दगड झालेली झाडे. सह्याद्रीचा हा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. दोन उद्रेकांमध्ये मोठा खंड पडे, तेव्हा तळी साचत आणि काठाने झाडे वाढत. पाने, फळे, खोडे त्या गाळात पडत. पाण्यातली सिलिका त्यांच्या पेशीपेशीत शिरे आणि झाडाचा दगड होई. पुढचा लाव्हा वरून झाकण घाली. असा दगड कापायचा, कागदासारखा पातळ होईपर्यंत घासायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. मग कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पेशी स्पष्ट दिसतात.

छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानच्या अशा दगडांत नीपा नावाच्या ताडाचे फळ सापडले आहे. हे झाड खाडीकाठच्या खारट चिखलात वाढते, आज ते सुंदरबनात दिसते. सावित्रीची खाडी पाहिलेल्या आपल्या लोकांना याचा अर्थ सांगायला नको. आज जिथून समुद्र शेकडो मैल दूर आहे, तिथवर कधीकाळी खारे पाणी पोहोचत असावे.

अशा वनस्पतींच्या साक्षीवरून सहानींनी हा लाव्हा बराच अलीकडचा मानला. पुढे मोजमापाच्या नव्या पद्धती आल्या आणि त्याचा बराचसा भाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा ठरला. म्हणून त्यांचे काम वाया गेले नाही. त्यांनी वर्णन केलेली झाडे तशीच खरी आहेत. जमिनीवर फिरून निर्मितीचा आरंभ कसा झाला ते पाहा, असे आपल्याला सांगितलेलेच आहे. पाहणाऱ्याचा अंदाज थोडा चुकला, तरी पाहणे थांबवायचे नसते.

१९३६ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९४६ मध्ये पत्नी सावित्रीबाई आणि त्यांनी आपली मालमत्ता, ग्रंथ आणि जीवाश्मांचा संग्रह संस्थेसाठी देऊन टाकला. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते लखनौत इमारतीची कोनशिला बसली. त्या शिलेत ठिकठिकाणचे जीवाश्म जडवलेले आहेत. अवघ्या सात दिवसांनी, १० एप्रिलला, सहानी गेले. सावित्रीबाईंनी काम हाती घेतले आणि २ जानेवारी १९५३ रोजी पूर्ण झालेल्या इमारतीचे उद्घाटन झाले. ती संस्था आजही चालू आहे.

तिचे अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्यांचे वडील प्राध्यापक होते, भाभी. मी नाही."

हेही खरेच. म्हणून मुलीलाही स्पष्ट सांगितले की या विषयात जागा थोड्या आहेत. बी.एस्सी., एम.एस्सी., मग नेट, असा लांबचा रस्ता आहे. जोडीला बी.एड. केलेस तर शिक्षिकेची नोकरी मिळवता येईल आणि घरालाही आधार होईल. तिने मान डोलावली.

उठताना अब्बा म्हणाले, "फॉर्म कधी निघतात, बघ."

वाचकहो, हुकूम करण्याचा हक्क असून रुचिरामांनी तो केला नाही. आपल्या घरात बाराव्या इयत्तेचे मूल असेल, तर एकदा त्याला विचारून पाहा.