एका बैठकीवरचा फैसला

व्यक्तिमत्त्वमापन हा ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांच्या हाताखालून जाणाऱ्या बहुतेक प्रश्नावल्यांचा आधार म्हणजे माणसाने स्वतःविषयी एका बैठकीत दिलेली जबानी; आणि तिच्या बेरजेवरून उमेदवाराच्या नेमणुकीविषयी वा विद्यार्थ्याच्या स्वभावाविषयी लेखी अभिप्राय देताना, ती बैठक एकच होती हे बहुधा नमूदही केले जात नाही, ही आम्हांस गंभीर बाब वाटते.

ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी १९२८ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेले मुलांच्या लबाडीविषयीचे संशोधन या दृष्टीने पुन्हा वाचावे असे आहे. हजारो शाळकरी मुलांना ‘तू प्रामाणिक आहेस काय?’ असे पुसत न बसता त्यांनी लबाडीस प्रत्यक्ष वाव दिला: सोडविलेल्या उत्तरपत्रिका गोळा करून त्यांची गुपचूप नक्कल करून ठेवायची, मूळ पत्रिका उत्तरसूचीसह परत देऊन गुण मुलांनाच मांडू द्यायचे, आणि मागाहून नकलेशी ताडून कोणते उत्तर कोठे फिरविले ते पाहायचे. (मुलांना अंधारात ठेवणारी ही युक्ती आज कोणतीही नीतिसमिती सहजी मान्य करणार नाही, आणि ते रास्तच आहे.) वर्गात खाडाखोड करणारे मूल खेळात किंवा पैशांच्या बाबतीत चोख वागे, तर कित्येकांचे याच्या नेमके उलट होई; निरनिराळ्या कसोट्यांमधील सहसंबंध सरासरीने ०.२३ च्या आसपासच राहिला.

अशाच पुराव्यावर वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्ये स्थिर स्वभावगुणांच्या कल्पनेलाच आव्हान दिले. पण सीमोर एप्स्टाइन यांनी १९७९ मध्ये दाखविले की, एका दिवसाची नोंद दुसऱ्या एका दिवसाशी ताडता जो सहसंबंध क्षीण भासतो, तो अनेक दिवसांच्या नोंदींच्या सरासऱ्या घेतल्यावर लक्षणीय बळावतो; तेव्हा स्वभावगुणच रद्दबातल ठरविण्यापूर्वी निरीक्षणांची संख्या वाढविणे अगत्याचे होते, आणि आजही आहे.

वेळेची आणि पैशाची टंचाई आम्ही जाणतो. तरीही दुसरी बैठक, आणि त्या माणसाला रोज पाहणाऱ्या एखाद्या शिक्षकाची, सहकाऱ्याची किंवा आप्ताची स्वतंत्र साक्ष, एवढे तरी प्रत्येकाला साधता येईल. आणि त्या माणसाची जबानी व ही साक्ष जुळत नसतील, तर त्यांची सरासरी काढून मोकळे न होता ती विसंगती तपशिलासह अहवालात मांडावी, कारण घरी अबोल आणि कचेरीत बोलका असणारा माणूस त्या सरासरीत कोठेच सापडत नाही. सबब, पुढील अंकापासून व्यक्ति-अभ्यास पाठविणाऱ्यांनी बैठका किती झाल्या, किती अंतराने झाल्या आणि साक्ष कोणाकोणाची घेतली, हे आरंभीच नोंदवावे, अशी आमची विनंती आहे.