कर्जाच्या अर्जाआधी फासा टाका

प्रोजेक्ट रिपोर्टच्या नमुन्यात एक रकाना हमखास असतो: अंदाजे रोजची विक्री. तिथे आपण एक आकडा टाकतो. तो दिवसांनी गुणतो, खर्च वजा करतो आणि खाली नफा येतो. बँकेतले साहेबही तो आकडा बघून मान डोलावतात. माझं स्पष्ट मत आहे, की नव्या माणसाला गोत्यात आणणारा रकाना तोच. तो खोटा असतो असं नाही. तो एकटा असतो, ही अडचण आहे.

आपण नाश्त्याची गाडी घेऊ. पोहे, ३० रुपये प्लेट. कांदा, तेल, शेंगदाणे, गॅस, कागदी प्लेट सगळं धरून एका प्लेटचा खर्च १५ रुपये. कधी दहा गिऱ्हाइकं येतात, कधी साठ, सरासरी ३५. म्हणून तुम्ही सकाळी ३५ प्लेटचे पोहे करून निघता. कागदावर हिशेब सोपा आहे: ३५ गुणिले १५, रोजचे ५२५ रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर १३,६५०. जागेचं भाडं, मदतनीस पोराचा पगार, गाडीचा हप्ता मिळून ९,००० गेले तरी ४,६५० उरतात. सुरुवातीला वाईट नाही, असं कोणीही म्हणेल.

आता एक साधा फासा घ्या. ल्युडोच्या डब्यातला चालेल. एक पडला तर त्या दिवशी दहा गिऱ्हाइकं, दोन पडले तर वीस, सहा पडले तर साठ. सरासरी बरोबर ३५ च येते, म्हणजे आपण तुमच्या अंदाजावर काहीही अन्याय केलेला नाही.

एक पडला: दहा प्लेट विकल्या, ३०० रुपये आले, माल ५२५ चा केला होता. २२५ रुपये खिशातून गेले. दोन पडले: ७५ रुपये सुटले. तीन पडले: ३७५. चार पडले: ३५ विकल्या, ५२५ मिळाले. पाच पडले: गिऱ्हाइकं पन्नास आली, पण पातेल्यात ३५ प्लेटच होत्या, म्हणून ५२५ च. सहा पडले तरी ५२५ च.

इथे जरा थांबा. कागदावर आपण ज्याला सरासरी दिवस म्हणत होतो, तो खरं तर तुमचा सगळ्यात चांगला दिवस आहे. त्याच्या वर तुम्ही कधी जाऊच शकत नाही, खाली मात्र भरपूर जागा आहे. सहाही दिवसांची बेरीज १,८००, म्हणजे दिवसाला ३०० रुपये. महिन्याला ७,८००. नऊ हजारांचा खर्च वजा केला की १,२०० रुपयांचा तोटा. गिऱ्हाईक तेच, भाव तोच, पोहेही तेच.

तोंडी सांगितलं की लोक ‘हो हो, बरोबर’ म्हणतात आणि घरी जाऊन पुन्हा तोच एकटा आकडा लिहितात. म्हणून मी म्हणतो, हे स्वतःच्या हाताने करून बघा. हातात फासा घेऊन २६ वेळा टाकणं ठीक आहे, पण शंभर महिने बघायचे तर हात दुखतील. त्यासाठी स्क्रॅच वापरा.

स्क्रॅच हे अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबने २००७ मध्ये मुलांसाठी खुलं केलेलं प्रोग्रॅमिंग. मोफत आहे. त्यात काही टाइप करून कोड लिहायचा नसतो. रंगीत ब्लॉक ओढायचे आणि एकाखाली एक बसवायचे. वयाची लाज बाळगू नका. घरात सहावी-सातवीतलं पोर असेल तर त्याला शेजारी बसवा, अर्ध्या तासात ते तुम्हाला शिकवेल. फक्त लॅपटॉप किंवा टॅब घ्या, मोबाइलच्या पडद्यावर ब्लॉक ओढताना बोटं अडखळतात.

रचना एवढीच. ‘मेक अ व्हेरिएबल’ वर जाऊन चार डबे तयार करा: फासा, मागणी, विक्री, एकूण. नावं मराठीत दिली तरी चालतात. वर हिरव्या झेंड्याचा ब्लॉक, म्हणजे झेंडा दाबला की काम सुरू. त्याखाली ‘एकूण’ शून्य करा. मग ‘रिपीट’ ब्लॉक लावून त्यात २६ लिहा. हा तुमचा महिना. आता रिपीटच्या पोटात: ‘फासा’ मध्ये ‘पिक रँडम’ १ ते ६ टाका, ‘मागणी’ मध्ये फासा गुणिले दहा. त्याखाली ‘इफ-देन-एल्स’: मागणी ३५ पेक्षा जास्त असेल तर विक्री ३५, नाहीतर विक्री मागणीइतकी. शेवटी ‘चेंज’ ब्लॉकने ‘एकूण’ मध्ये विक्री गुणिले ३० वजा ५२५ मिळवा. झालं. एक यादी करून त्यात रोजचा फासा लिहून घेतला तर आणखी बरं, कारण महिना कसा गेला ते दिवसागणिक दिसतं.

झेंडा दाबा. पुन्हा दाबा. वीस-तीस वेळा दाबा आणि ‘एकूण’ चा आकडा वहीत लिहीत जा. शंभरातले पंचाण्णव महिने साधारण पाच हजार ते साडेदहा हजार यांच्या मध्ये पडतील. नऊ हजारांचा खर्च निघेल असा महिना पाचात एखादा. आणि रिपोर्टमधले १३,६५०? त्यासाठी २६ च्या २६ दिवस चार किंवा त्याच्या वरचं दान पडायला हवं. अशी वेळ सुमारे ६ कोटी ७१ लाख महिन्यांत एकदा येते.

‘एक्सेलमध्ये हे होत नाही का?’ होतं. रँडबिटवीन नावाचं सूत्र आहे, ज्याला येतं त्याने खुशाल वापरावं. पण एक्सेलमध्ये सगळे दिवस एकदम समोर येतात. स्क्रॅचमध्ये रिपीटच्या आत एक सेकंदाचा ‘वेट’ ब्लॉक टाकला की गल्ला एकेक दिवसाने वरखाली होताना दिसतो. लागोपाठ दोन वेळा एक पडून ‘एकूण’ घसरताना बघितलं की पोटात जे होतं, ते कुठल्याही तक्त्याने होत नाही. निदान मी तरी तसं बघितलेलं नाही.

आणि लागोपाठ एक पडतात, बरं का. २६ दिवसांच्या महिन्यात कधी ना कधी सलग दोन दिवस एक पडण्याची शक्यता शंभरात ४६ आहे. जवळपास निम्मे महिने! अशा वेळी नवा माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. एकतर ‘आपला धंदा बसला’ म्हणून घाबरून भाव पाडतो, नाहीतर ‘आज वाईट गेलं, उद्या नक्की भरपाई होणार’ म्हणून दुप्पट माल भरतो. फाशाला काल काय पडलं ते आठवत नाही. ल्युडोत सोंगटी बाहेर काढायला सहा हवे असतात तेव्हा आपण म्हणतोच ना, इतक्या वेळा नाही आलं, आता येणारच. सहा वेळा फासा टाकूनही एकदाही सहा न पडण्याची शक्यता शंभरात ३३ आहे. नव्या दुकानाच्या पहिल्या मोठ्या ऑर्डरचंही असंच असतं. ती येईपर्यंत तग धरण्यासाठी जे पैसे बाजूला लागतात, त्यालाच खेळतं भांडवल म्हणतात. मुद्राच्या ‘शिशु’ गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं. ते सगळं गाडी, शेगडी आणि फ्लेक्समध्ये घालून पहिल्या सकाळी रिकाम्या गल्ल्याने उभं राहणाऱ्याची मला काळजी वाटते.

कोणी म्हणेल, धंद्याला जुगार करून टाकलात. उलट आहे. जुगारात नियमही दुसऱ्याचे आणि फासाही दुसऱ्याचा. इथे फाशाचा एक ब्लॉक सोडला तर बाकी प्रत्येक ब्लॉक तुमचा आहे. किती करायचं, कितीला विकायचं, काय उरवायचं, सगळं तुमच्या हातात.

मोठे लोकही असंच करत आले आहेत. १९४६ मध्ये स्टॅनिस्लॉ उलाम हा गणिती आजारातून बरा होताना एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव लावत होता. डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्राने काढणं किचकट होतं. मग त्याला सुचलं, की सरळ शंभर डाव मांडावेत आणि किती सुटले ते मोजावेत. पुढे जॉन फॉन नॉयमनबरोबर ही पद्धत अणुसंशोधनाच्या हिशेबात वापरली गेली. तिला नाव पडलं माँटे कार्लो, जुगारअड्ड्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावावरून. आपण तेच करतोय, फक्त पोह्यांसाठी.

आता फाशाची खोड. फाशात एक ते सहा सगळ्यांना सारखी संधी असते, तुमच्या चौकात तशी नसते. चतुर्थीला पोहे कमी जातात आणि साबुदाणा खिचडी जास्त. पाऊस एक दिवस येऊन थांबत नाही, चार दिवस मुक्काम करतो. म्हणून पुढची पायरी महत्त्वाची. जिथे गाडी लावायची आहे तिथे दोन आठवडे सकाळी सात ते दहा उभे राहा आणि शेजारच्या गाडीवर किती प्लेट जातात ते मोजा. त्यातल्या निम्म्याच आपल्या धरा, आपण नवे आहोत. ते आकडे स्क्रॅचमधल्या यादीत भरा आणि ‘पिक रँडम’ ने त्या यादीतला कुठलाही एक उचलायला सांगा. मग तो ल्युडोचा फासा राहत नाही, तुमच्या चौकाचा फासा होतो. दोन आठवडे उभं राहायचा कंटाळा येत असेल, तर पुढे रोज पाच वाजता उठून कांदे कसे चिरणार?

आणि आकडा वाईट आला तर? लगेच धंदा सोडू नका, ब्लॉक बदला. पहिल्यांदा सगळे ३५ ऐवजी ६० करून बघतात, गिऱ्हाईक परत जायला नको म्हणून. मग रोजचे सरासरी ३०० सुद्धा राहत नाहीत, १५० होतात, कारण उरलेले पोहे गिऱ्हाइकाच्या पोटात न जाता बादलीत जातात. ३० प्लेट केल्या तर ३०० च मिळतात, पण सकाळी अडकणारे पैसे कमी होतात आणि वाईट दिवसाचा तोटा २२५ वरून १५० वर येतो. भाव ३५ केला तर? करून बघा, फक्त गिऱ्हाईक तेवढंच येईल असं धरू नका, फाशाला दहाऐवजी आठने गुणा.

मला सगळ्यात आवडणारा बदल वेगळाच आहे. ‘इफ-देन-एल्स’ अख्खा काढून टाका, विक्री मागणीइतकीच ठेवा आणि खर्चाच्या जागी ५२५ ऐवजी विक्री गुणिले १५ लिहा. प्रत्यक्षात याचा अर्थ असा, की घरून पातेलं भरून न्यायचं नाही. कांदा चिरून न्यायचा, पोहे गाडीवरच थोडे थोडे भिजवायचे आणि दहा प्लेटची एक कढई संपत आली की दुसरी टाकायची. थोडं इकडेतिकडे होईल, शेवटच्या कढईत दोन-चार प्लेट उरतील, गर्दीत एखादा थांबायला तयार नसेल. पण झेंडा दाबून बघा: रोजची सरासरी ५२५ च्या आसपास येते. रिपोर्टमधला तोच आकडा, आणि त्यासाठी एकही गिऱ्हाईक वाढवावं लागलं नाही. फक्त गाडीवर दुसरी शेगडी लागेल, तिची किंमत विचारून या.