मत्स्यपेटीतील शेवाळ : मासा आणावा की कारण दूर करावे?

काचेच्या पेटीत रंगीत मासे पाळण्याची हौस आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. जळगावच्या मेहरूण भागातील घरांतही ती आढळते. हौस निर्दोष आहे व मुलांना निसर्गाचा परिचय करून देणारी आहे. परंतु पेटी मांडून काही आठवडे लोटले की काचेवर हिरवा थर चढतो, आणि शेवाळ खाणारा मासा आणावा काय, असा प्रश्न उभा राहतो. दुकानात बहुधा बोटभर लांबीचा 'सकर' पुढे केला जातो. आमचे मत असे की, बहुतेक घरांनी तो घेऊ नये.

शेतात खत, पाणी व ऊन मिळाले की तण माजते. पेटीतील शेवाळाचेही तसेच आहे. माशांना घातलेले जादा अन्न व त्यांची विष्ठा यांपासून पाण्यात नत्र व स्फुरद साठतात. खिडकीतील ऊन किंवा दिवसभर जळणारा दिवा मिळाला की शेवाळ फोफावते. सकर शेवाळ खातो खरा, पण त्याची विष्ठा त्याच पाण्यात पडते. तण कापून शेतातच कुजविले, तर खत शेतातच राहते. त्यातलाच हा प्रकार होय. शिवाय पाणीच हिरवे झाले असेल तर हा मासा निरुपयोगी ठरतो, कारण तो केवळ काचेवरील व दगडावरील थर खरवडतो. नव्या पेटीतील तपकिरी थर तर बहुधा आपोआपच नाहीसा होतो.

दुसरी अडचण आकाराची. सकर हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील मासा असून तो एक फुटाहून अधिक वाढतो. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशा पेटीत जेमतेम ५४ लिटर पाणी मावते. तेथे तो मावत नाही आणि मोठेपणी शेवाळही कमी खातो. त्यात आपला उन्हाळा कडक. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो. अशा वेळी पेटीत एक मोठा मासा वाढविणे म्हणजे इतर माशांचा वाटा कमी करणे होय.

खरा धोका यापुढे आहे. नकोसा झालेला मासा मारवत नाही, म्हणून तो दयाबुद्धीने मेहरूणच्या तलावात किंवा शेततळ्यात सोडण्याचा मोह होतो. हे कदापि करू नये. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळ भागात व आंध्र प्रदेशातील तलावांत सकर पसरला आहे. त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात, तो काठाच्या मातीत बिळे करतो आणि हवा गिळून वाईट पाण्यातही तग धरतो. १९५२ साली भारतात आणलेला चिलापी पुढे किती जलाशयांत पसरला, हे आपण पाहिलेच आहे. बाहेरचा मासा पाण्यात सोडणे सोपे. तो परत काढणे जवळजवळ अशक्य.

तेव्हा प्रथम पुढील उपाय महिनाभर नेटाने करावेत. पेटी उन्हापासून दूर ठेवावी. दिवा दिवसातून सहा ते आठ तासच लावावा. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच अन्न घालावे. दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे; नळाचे पाणी एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून मगच घालावे. काढलेले पाणी कुंड्यांना द्यावे, त्यातील नत्र झाडांच्या कामी येते. काच हातानेच पुसावी. पेटीत पाणवनस्पती लावाव्यात. त्या शेवाळाच्या तोंडचे अन्न काढून घेतात.

एवढे करूनही काचेवर थोडा थर राहिला आणि पेटी जुनी व स्थिर असेल, तर नेराइट जातीच्या एक-दोन गोगलगाई ठेवण्यास हरकत नाही. गोड्या पाण्यात त्यांची वीण होत नाही. ज्यांच्या घरी सकर आधीच आहे, त्यांनी तो दुकानदारास परत द्यावा किंवा मोठी पेटी असलेल्या हौशी माणसाकडे सोपवावा. आपल्या पेटीतील मासा आपल्या पेटीबाहेरच्या पाण्यात जाऊ न देणे, ही मासे पाळणाऱ्याची पहिली जबाबदारी होय.