स्टिअरिंगचा डॅम्पर बदलण्यापूर्वीं

अलीकडे पुष्कळ शेतकरी बंधूंच्या वस्तीवर ट्रॅक्टरच्या शेजारीं जीप, जिप्सी किंवा तत्सम चारही चाकांना ओढ असलेली एखादी गाडी उभी दिसते. पावसाळ्यांत काळ्या रानांतून ये-जा करणें, खताच्या गोण्या व ठिबकच्या नळ्या वाहणें, अडल्या वेळीं आजाऱ्यास तालुक्याला नेणें, हीं सर्व कामें ती निमूटपणें करते. परंतु ज्या गाडीचा पुढचा आंस एकसंध असतो, तिला कालांतरानें एक खोड जडते. सडकेवर वेग आला व एखादा खड्डा लागला, कीं पुढचीं दोन्ही चाकें डावी-उजवीकडे झडूं लागतात, आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत स्टिअरिंग हातांत ठरत नाहीं. मालक घाबरून मिस्त्रीकडे जातो, मिस्त्री गाडीखालीं न वांकतांच सांगतो, "डॅम्पर गेला, नवा टाका." ह्या सल्ल्याविरुद्ध आमचें मत स्पष्टपणें मांडावें, एवढ्याचसाठीं हा लेख.

डॅम्पर, ज्याला दुकानदार स्टॅबिलायझर असेंही म्हणतात, ही तेलानें भरलेली एक नळी असून तिच्यांत दट्ट्या सरकतो. तिचें एक टोंक आंसाला किंवा चॅसीला, व दुसरें चाकें वळविणाऱ्या दांड्याला जोडलेलें असतें. दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून तेल सावकाश जाऊं शकतें, झटक्यानें जाऊं शकत नाहीं. म्हणून चालक नेहमींच्या गतीनें वळवितो तेव्हां डॅम्पर फारसा आड येत नाहीं, आणि दगडाचा तडाखा बसला म्हणजे तो सोसून घेतो. चाकें सरळ धरून ठेवणें हें त्याचें काम नव्हे. तें काम किंगपिनचा मागील कल, टायरॉडचे सांधे, बुश व बेअरिंगें ह्यांचें आहे. हे भाग धड असतील, तर दुबळा डॅम्पर असूनही गाडी सपाट सडकेवर झडत नाहीं. आणि ते झिजलेले असतील, तर नव्या डॅम्परनें थरथर कांहीं दिवस दबते, सांधा मात्र झिजतच राहतो. पुढें तोच सांधा भर वेगांत निखळला, तर गाडींत घरचीं माणसें असतात आणि सडकेच्या कडेनें सायकलीवर शाळेला निघालेलीं मुलें असतात, हें विसरतां येत नाहीं.

तेव्हां दुकान गांठण्यापूर्वीं अर्धा तास गाडीखालीं घालवावा. गाडी चारी चाकांवर उभी असतांना एकानें स्टिअरिंग थोडें थोडें डावी-उजवीकडे हलवावें व दुसऱ्यानें खालीं पडून प्रत्येक सांध्यावर हात ठेवावा. जेथें एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा क्षणभर मागें राहतो, तेथें दोष आहे. नंतर पुढचा आंस जॅकवर उचलून खालीं घोडी लावावी, व चाक वरून आणि खालून धरून हलवावें. ढिलाई लागली तर एकानें ब्रेक दाबून धरावा. मग ढिलाई गेली तर चाकाचें बेअरिंग, राहिली तर किंगपिन संशयित धरावा. १९८५ सालीं आपल्याकडे आलेल्या जिप्सीच्या बाबतींत हा किंगपिन विशेष पाहावा. त्याच्या बेअरिंगवर बसविलेल्या पातळ पत्र्या, ज्यांना शिम म्हणतात, त्या कमी-जास्त करून घट्टपणा साधावयाचा असतो, आणि तो किती हवा हें काट्याच्या ताणानें मोजतात. पुष्कळ मिस्त्री हें अंदाजानेंच उरकतात. टायरांतील हवा आणि चाकांचें बॅलन्सिंग ह्यांविषयीं अधिक लिहिण्याची गरज नाहीं.

यावर कोणी म्हणेल, कीं कंपन्या स्वतःच डॅम्पर बदलून देतात. हें खरें आहे. अमेरिकेंत जीप रँग्लरच्या २०१८ पासूनच्या नव्या गाड्यांत अशीच थरथर आढळली, आणि २०१९ सालीं कंपनीनें नवा डॅम्पर विनामूल्य बसवून देण्याचें जाहीर केलें. थंडींत जुन्या डॅम्परच्या तेलांत बुडबुडे होतात, असें कारण तिनें दिलें. परंतु त्या गाड्या जवळजवळ कोऱ्या होत्या. दहा-पंधरा वर्षें ढेकळांतून चाललेल्या आपल्या गाडीला तोच न्याय लावणें म्हणजे तरण्याचें औषध म्हाताऱ्याला देणें होय.

सांधे धड निघाले आणि डॅम्परमधून तेल ओघळत असेल, किंवा काढून हातानें ओढ-ढकल केली असतां मध्येंच पोकळ जागा लागत असेल, तर मात्र तो अवश्य बदलावा. नव्याची निवड करतांना लांबी पहिली पाहावी. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे व पूर्ण उजवीकडे नेऊन दोन्ही बोल्टांमधील अंतर मोजावें. मिटलेला डॅम्पर लहान अंतराहून कमी, आणि उघडलेला मोठ्या अंतराहून अधिक असला पाहिजे. नाहीं तर चाकांची वळण्याची सीमा डॅम्परच ठरवूं लागतो व त्याचा कंस उपटून येतो. दुसरी गोष्ट वायूची. दुकानांतच दांडा आंत दाबून सोडावा. तो जोरानें आपोआप बाहेर आला, तर आंत वायूचा दाब अधिक आहे, आणि असा डॅम्पर स्टिअरिंगला सदैव एका बाजूस रेटील. तेल-दाबाचा, किंवा अगदीं थोडा वायू असलेला डॅम्पर आम्हांस पसंत आहे. जुना शॉकअप आडवा बांधून काम भागविण्याची युक्ति तर सर्वस्वीं त्याज्य मानावी. उभा राहण्यासाठीं केलेल्या दुहेरी नळीच्या शॉकअपमध्यें तेलावर हवा असते, आणि तो आडवा झाला कीं ती हवा झडपेंत शिरते.

राहिला प्रश्न जाड व जोड डॅम्परांचा. हौसेनें मोठे टायर चढवून गाडी उंच करणारे तरुण आतां खेड्यांतही आहेत. उंची वाढविली कीं किंगपिनचा कल बिघडतो, आणि टायर जड झाला कीं प्रत्येक सांध्यावरील ताण वाढतो. त्यावर दोन डॅम्पर लावले तर स्टिअरिंग जड होतें व वळणानंतर सरळ होण्यास आळसतें. २०२३ सालीं विक्रीस आलेल्या जिम्नीला कारखान्यांतूनच एक डॅम्पर आहे. मूळ मापाचे टायर ठेवणाऱ्यास दुसऱ्याची गरज आम्हांस दिसत नाहीं.

बसवितांना चाकें सरळ ठेवून व गाडी जमिनीवर उभी करून मगच रबरी बुशांचे बोल्ट आवळावेत, आणि दोन-तीनशें किलोमीटरनंतर पाना घेऊन ते पुन्हां तपासावेत.