कॅनमधलं ऊन पाणी

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच मित्र खांडबाऱ्याहून उनपदेवला जाऊन आलो. पाचही जण शाळेपासूनचे. एक मावची, एक गुजर, एक शिंपी आणि आम्ही दोघे मुसलमान. एक सुरतेला कापडाच्या धंद्यात, एक पुण्यात नोकरीला, बाकीचे इथेच. नाताळच्या सुट्टीत सगळे गावात असतात, म्हणून दरवर्षी एका दिवसाची सहल ठरते. कधी तोरणमाळ, कधी उकाई धरण. यंदा थंडी कडक होती, त्यामुळे गरम पाण्याच्या झऱ्यावर एकमत झालं.

पहाटे निघताना अम्मी दारात आली. कुठे चाललास विचारलं. मी सांगितलं. तिला आधी पटेना. "जमीन में से गरम पानी आता?" असं दोनदा विचारलं. मग आत गेली आणि तेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन धुऊन घेऊन आली. "मेरे घुटनों के लिए भर के ला." मी हसत कॅन डिकीत टाकला. त्या हसण्याबद्दलच हा लेख आहे.

नंदुरबारला पोचलो तेव्हा शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या होत्या. मैलभर लाल रंग, आणि काचा बंद असूनही पाचही जणांना शिंका. पुढे प्रकाशाला तापी ओलांडली. शहाद्याच्या बाजूला ऊस, पपई, केळी, उसाच्या बैलगाड्या. मग उत्तरेला सातपुडा जवळ येत गेला आणि दरा गावाच्या बाजूने आम्ही डोंगराच्या पायथ्याशी उनपदेवला आलो. दगडी गोमुखातून पाण्याची धार कुंडात पडत होती आणि थंडीमुळे तिच्यावर वाफ दिसत होती.

या ठिकाणाच्या नावातच पाण्याची खूण आहे. जुन्या मराठीत गरम पाण्याला ऊन पाणी म्हणतात. जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यात अडावदजवळ याच नावाचा दुसरा झरा आहे, त्याच्या शेजारी सुनपदेव आणि नाझरदेव. कोकणात उन्हेरे, उन्हवरे. नांदेडकडे किनवट तालुक्यात उनकेश्वर. आमच्या नवापूरच्या पलीकडे गुजरातेत उनाई. जिथे जमिनीतून ऊन पाणी आलं तिथे लोकांनी गावाला तेच नाव दिलं. बहुतेक ठिकाणी रामाच्या बाणाची कथाही सांगतात: ऋषी व्याधीने त्रासले होते, रामाने बाण मारला आणि पाणी वर आलं.

भूगोल वेगळी कथा सांगतो. नर्मदा आणि तापी यांच्या पट्ट्यात जमिनीच्या पोटात लांबच लांब भेगा आहेत. पावसाचं पाणी त्या भेगांतून खोल उतरतं. खाली दर किलोमीटरला साधारण पंचवीस ते तीस अंशांनी तापमान वाढत जातं. तापलेलं पाणी दुसऱ्या वाटेने वर येतं. आपल्याकडे जिवंत ज्वालामुखी नाही, तरी पाणी गरम आहे ते यामुळे. जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाने देशभरात असे तीनशेहून जास्त झरे नोंदवले आहेत. मला दोन्ही कथा आवडतात. दोन्हींत पाणी दुखणाऱ्या माणसासाठीच वर आलेलं आहे.

आमच्या पाचातला दुसरा मुसलमान मित्र जरा मागे थांबला होता. मला हळूच म्हणाला, "भाई, इथं मंदिर आहे. आपण अंघोळ केलेली चालेल का?" ही शंका अनेकांच्या मनात असते, म्हणून माझं मत सांगतो. आपण पूजा करायला गेलो नव्हतो, अंघोळ करायला गेलो होतो. झऱ्याचं पाणी पाक असतं, त्याने वुजू होतो, गुसल होतो. तिथल्या लोकांच्या श्रद्धेचा मान ठेवायचा, चपला काढायला सांगितल्या तर काढायच्या, साबण लावून कुंड घाण करायचं नाही. एवढं पाळलं की पुरे. अबू दाऊदच्या संग्रहात एक हदीस आहे. तिचा आशय असा की, तीन गोष्टींत लोक एकमेकांचे भागीदार आहेत: पाणी, चारा आणि आग. गरम झऱ्यात यातल्या दोन एकाच जागी येतात, पाणी आणि आग. तिथे भागीदारी नाकारायची कुणी?

तो उतरला. आम्ही सगळेच उतरलो. पहिल्या क्षणी चटका, मग अंग सैल होतं, मग कुणालाच बाहेर यावंसं वाटत नाही. शाळेतल्या मास्तरांच्या नकला झाल्या. एकाने कर्जाचं सांगितलं, जे त्याने वर्षभर फोनवर सांगितलं नव्हतं. कोमट पाण्यात मानेपर्यंत बसलेला माणूस खोटं बोलत नाही, असं मला वाटलं.

तेवढ्यात डोंगराकडून एक पावरा कुटुंब आलं. नातवाने आजीचा हात धरला होता. तिला पायऱ्या उतरता येत नव्हत्या, एकेक पायरी ती दोन्ही पाय टेकवून उतरत होती. खालच्या पायरीवर बसून तिने पाय पाण्यात सोडले, ओंजळीने गुडघ्यांवर पाणी घेतलं आणि डोळे मिटले. बराच वेळ ती तशीच बसून होती. नातू घाई करत नव्हता.

अम्मी पायऱ्या अशाच उतरते. दोन्ही पाय टेकवून.

मी मित्रांना विचारलं, आपल्यापैकी कुणी आईला इथे आणलंय? पाच जण, पाच आया, सगळ्यांची साठी उलटलेली, सगळ्यांचे गुडघे धरलेले. कुणीच आणलं नव्हतं. विचारलंही नव्हतं. म्हणजे हा दोष एकट्या मुसलमानांचा नाही. पण मी माझ्या घराबद्दल बोलतो, कारण तिथलं मला पक्कं माहीत आहे.

आमच्या घरातल्या बाईचा प्रवास कुठे होतो? लग्नाला, मयतीला, दवाखान्यात. फार तर एखाद्या उरुसाला. तिथेही ती कुणाचं तरी करायलाच जाते. स्वतःच्या अंगाला आराम मिळावा म्हणून अम्मी घराबाहेर पडली, असा एकही दिवस मला आठवत नाही. आम्ही मात्र दरवर्षी जातो, आणि तिने दिलेल्या डब्यातल्या भाकरी तिथे बसून खातो.

याला कारणं खूप सांगता येतात. गाडीत जागा नाही. बायकांना बंदिस्त जागा मिळेल की नाही, कुणास ठाऊक. लोक काय म्हणतील. आणि शेवटी दीन पुढे केला जातो. या शेवटच्या कारणाशी मला भांडायचं आहे. ज्या नबींचं नाव आपण घेतो, त्यांनी सफरीत हजरत आयेशांबरोबर धावण्याची शर्यत लावली होती. पहिल्यांदा त्या जिंकल्या, पुढे एकदा नबी जिंकले. हेही हदीसमध्येच आहे. बायकोला प्रवासात सोबत नेणं आणि तिच्याबरोबर चार घटका मोकळेपणी घालवणं, ही सुन्नत आपण कधी मोजतच नाही.

इतिहासही आपल्या बाजूचा नाही. मुसलमानी मुलखांत हम्माम ही गावाची गरज मानली जायची आणि बायकांसाठी वेगळी जागा किंवा वेगळा वेळ असायचा. तुर्कस्तानात बुर्सा शहरात सोळाव्या शतकात रुस्तम पाशाने गरम झऱ्यावर बांधलेलं स्नानगृह आजही उभं आहे. बुडापेस्टला तुर्कांच्या काळातलं रुदाश नावाचं स्नानगृह आहे. ते अनेक वर्षं पुरुषांपुरतंच होतं, पुढे आठवड्यातला मंगळवार बायकांसाठी ठेवला गेला. इतकं लांब कशाला, आपल्याच खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी होती बुऱ्हाणपूर. तिथल्या शाही किल्ल्यात मोगलांचा रंगीत छताचा हम्माम आहे. १६३१ साली मुमताज महल बुऱ्हाणपुरातच वारली. त्या हम्मामाशी लोक आजही तिचंच नाव जोडतात. बादशहाच्या बेगमेला जे मिळालं ते आपल्या आईला एक दिवस मिळू नये, असं कुठल्या किताबात लिहिलंय?

परत येताना मी कॅन भरला आणि गोणपाटात गुंडाळला. प्रकाशाला हात लावून पाहिला, गरम होता. नंदुरबारला कोमट. खांडबाऱ्यात शिरलो तेव्हा इशाची अजान होत होती आणि कॅन गारठला होता. मला वाटलं, अम्मीला वाईट वाटेल. तिने काहीच म्हटलं नाही. पातेलं घेतलं, ते पाणी गॅसवर ठेवून गरम केलं आणि मोरीत बसून थोडं थोडं गुडघ्यांवर घेतलं. "अच्छा है पानी," म्हणाली.

ते पाणी गॅसवर तापताना पाहणं मला जड गेलं. गॅसवर तर नळाचंही पाणी तापतं. उनपदेवला जे आहे ते कॅनमध्ये भरून येत नाही. गरम पाण्यात बसण्याचा तो अर्धा तास, मिटलेले डोळे, घाई न करणारा नातू, हे तिथेच जाऊन घ्यावं लागतं.

औषध म्हणून मी काही दावा करत नाही. गरम पाण्याने आखडलेले सांधे मोकळे होतात, दुखणं काही वेळ हलकं होतं, एवढं खरं. झिजलेला गुडघा त्याने भरून येत नाही. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आणि मधुमेहाने पायाची जाणीव कमी झालेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच जावं. पण आपण मित्र तिथे गेलो ते कुठल्या आजारासाठी गेलो होतो? बरं वाटावं म्हणून गेलो. तेवढं कारण आईलाही पुरेसं आहे.

माझं म्हणणं साधं आहे. इज्तेमासाठी आपण गावागावांतून गाड्या काढतो. तशीच एक गाडी थंडीच्या दिवसांत मोहल्ल्यातल्या आया, खाला, फुफ्यांसाठी काढावी. सुट्टीची गर्दी टाळून आठवड्यातल्या मधल्या दिवशी, सकाळी लवकर. शेजारच्या मावची आणि गुजर घरांतल्या बायकांनाही बोलवावं, त्यांचेही गुडघे तसेच आहेत. उनपदेव असो, वज्रेश्वरी असो की उन्हेरे, जिथे आडोसा, कपडे बदलायची खोली आणि संडास नसेल तिथे ते मागावेत, सगळ्या बायकांसाठी मागावेत. मात्र सुधारणेच्या नावाखाली तिकिटाचं स्पा करू नये. ज्या दिवशी त्या पावरा आजीला फाटकावर पैसे विचारले जातील, त्या दिवशी पाण्यातली भागीदारी संपली.

अम्मीला विचारलं, चलशील का? आधी नाही म्हणाली. घर कोण बघेल, जेवणाचं काय, या वयात कुठे. दोन दिवसांनी स्वतःच विषय काढला. म्हणाली, "अकेली नहीं जाती मैं. तेरी खाला को भी ले, और बाजूवाली गावीत मावशी को भी."

जानेवारीतला एक बुधवार ठरला आहे. डबा या वेळी आम्ही पोरं करणार आहोत.