एक्स्टर्नल येतात, सही करतात, जातात

एप्रिल-मे महिन्यांत विद्यापीठाच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत एमएची मुलं रात्री उशिरापर्यंत ताटकळलेली दिसतात. हातात पेनड्राइव्ह, फोनवर गाइडचा निरोप आणि दुकानदाराला एकच विनवणी: काका, बाइंडिंग उद्या सकाळी हवंच. चौथ्या सत्राचे पेपर, अंतर्गत परीक्षा, प्रबंधाचं सबमिशन आणि व्हायवा हे सगळं याच दिवसांत कोसळतं. प्राध्यापक व्हायचं असेल तर जूनची नेटही समोर असतेच. या धावपळीत पहिला बळी व्हायवाचा जातो. ‘तिथं काही विचारत नाहीत रे,’ असा दिलासा सीनियर देतात आणि बहुतेक वेळा तो खरा ठरतो.

हीच खरी अडचण आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ८८ श्रेयांक आहेत. त्यांतले १० संशोधन प्रकल्पाचे: तिसऱ्या सत्रात ४, चौथ्यात ६. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचा ४ श्रेयांकांचा पेपर असतो, तो वेगळा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनी एमफिल बंद झालं, त्यामुळे संशोधनाचे पहिले धडे आता एमएतच गिरवायचे आहेत. जबाबदारी वाढली, पण तपासणीची रीत मात्र जुनीच राहिली. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून बोलावलेले परीक्षक, दुपारी येतात, एकामागून एक मुलं आत जातात, शीर्षक वाचलं जातं, ‘हा विषय का निवडला?’ असं विचारलं जातं आणि सही होते. बाहेर आलेला मुलगा रांगेतल्या पुढच्याला सांगतो, ‘काही नाही, फक्त नाव विचारलं.’

त्याऐवजी मुलांची सगळी ताकद खर्च होते ती वाङ्मयचौर्याच्या तपासणीतल्या टक्केवारीवर. आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. नियम चांगला आहे. पण त्याची तयारी म्हणून मुलं ‘वाढ’ खोडून ‘वृद्धी’ लिहितात, वाक्यं उलटीपालटी करतात आणि अहवाल नऊ टक्क्यांवर आला की पेढे वाटतात. सॉफ्टवेअर शब्दांचं साम्य मोजतं. विचार कोणाचा, हे त्याला कळत नाही. आता तर चॅटजीपीटी रातोरात अख्खं प्रकरण लिहून देतं आणि साम्यही फारसं दाखवत नाही. त्यामुळे छापील प्रबंधावरून मुलाला किती समजलं, हे ठरवणं दिवसेंदिवस अवघड होणार आहे. समोर बसवून विचारणं, एवढाच भरवशाचा मार्ग उरतो. नेमका तोच आपण पाच मिनिटांत उरकतो.

मुलांनी तयारी कशी करावी? स्लाइडची सजावट सोडा. प्रबंधातल्या प्रत्येक तक्त्याखाली पेन्सिलीने एक वाक्य लिहा: हा तक्ता काय सांगतो? ते वाक्य सुचलं नाही, तर तक्ता काढून टाका. संदर्भसूचीतल्या प्रत्येक पुस्तकातून आपण काय घेतलं, हे एका दमात सांगता आलं पाहिजे; न वाचलेलं पुस्तक यादीत नकोच. हेच गाव का, पन्नासच शेतकरी का, बायकांशी कोण बोललं, प्रश्नावली कोणत्या भाषेत होती, हे प्रश्न एक्स्टर्नलने विचारण्याआधी आपणच आपल्याला विचारावेत. क्षेत्रभेटीची वही सोबत न्यावी. उत्तर येत नसेल, तर ‘हे मी तपासलं नाही, तपासायचं झालं तर असं तपासेन’ म्हणावं. त्याने गुण जात नाहीत, पत वाढते. आणि मराठीत लिहिलेल्या प्रबंधाचा बचाव मराठीतच करावा. एक्स्टर्नलसमोर इंग्रजीत अडखळण्याची सक्ती कोणी केलेली नाही. या तयारीचा लेखी पेपरालाही उपयोग होतो, कारण आपला मुद्दा दोन वाक्यांत मांडता येणारा विद्यार्थी बाजारातल्या गाइडमधलं पाठ केलेलं उत्तर ओकत नाही.

बचाव म्हणजे हट्ट नव्हे. डॉ. आंबेडकरांनी लंडनमध्ये डीएस्सीसाठी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध दिला, तेव्हा परीक्षकांनी तो आहे तसा स्वीकारला नाही, सुधारून द्यायला सांगितलं. बाबासाहेबांनी तो पुन्हा लिहून पाठवला, पण निष्कर्ष बदलले नाहीत. १९२३मध्ये पदवीही मिळाली आणि पुस्तकही निघालं. मांडणीत सुधारणा मान्य करायची आणि पुराव्यावर उभ्या असलेल्या निष्कर्षाला धरून राहायचं, हे आमच्या मुलांना शिकवायचं आहे. पण त्यासाठी आधी त्यांना कोणीतरी अडवायला हवं.

अडवणारे शोधायला पैसे लागत नाहीत. स्वीडनच्या विद्यापीठांत पदव्युत्तर विद्यार्थ्याचा प्रबंध दुसरा विद्यार्थी आधी पूर्ण वाचतो आणि चर्चासत्रात सगळ्यांसमोर त्यावर आक्षेप घेतो. हे कामही अभ्यासाचाच भाग असतं. आपल्याकडे वर्गातल्या वर्गात हे सहज जमेल. दुसऱ्याच्या प्रबंधातली भोकं शोधताना स्वतःच्या प्रबंधातलीही दिसू लागतात. एका दिवशी चाळीस मुलं उरकण्याचा मोह मात्र सोडावा लागेल.

म्हणून विभागप्रमुखांना विनंती आहे. यंदा व्हायवाचं दार उघडं ठेवा, पहिल्या वर्षाच्या मुलांना आत बसू द्या, प्रत्येकाला किमान अर्धा तास द्या आणि प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्यालाही गुण द्या. प्रबंध न वाचता आलेल्या एक्स्टर्नलला पुढच्या वर्षी बोलावू नका. दहा श्रेयांकांच्या कामाला पाच मिनिटं देणं ही परीक्षा नाही, विद्यार्थ्याच्या दोन वर्षांचा अपमान आहे.