पाणपोईची पाटी

आमच्या गावच्या एस.टी. स्टँडवरची जुनी पाणपोई दुरुस्त होणार आहे. दगडी हौद, पितळी तोटी, वर संगमरवरी पाटी : अमक्या शेटच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ, सर्व तहानलेल्यांसाठी. सूतगिरणीतली रात्रपाळी संपवून गावी गेलो, तर पंच मंडळी घरी हजर. म्हणाले, 'तू कविता करतोस म्हणे. नव्या पाटीला दोन ओळी दे. पाणी म्हणजे जीवन, असं कायतरी. आणि वस्तीची वर्गणी बी गोळा कर.'

मी आजीला पाटी वाचून दाखवली. ती म्हणाली, "सर्व म्हंजी कोन रं? आमाला तोटीला हात लावू देत न्हवते. पानी वतनारा वरनं वतायचा, आमी वंजळ धरायची. त्येबी समद्यांचं झाल्यावर. तवर उनात हुबं."

आजी तेव्हा परकरातली पोर. म्हणजे अस्पृश्यतेविरुद्धचा १९५५ चा कायदा होऊन गेला होता. घटनेचं १७ वं कलम त्याच्याही आधीचं. कायदा दिल्लीत, आजी उन्हात.

दोस्तहो, हे 'सर्व' नावाचं सोंग आपल्या ओळखीचं आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले, असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात १९२३ साली पास झाला. महाडच्या नगरपालिकेनंही १९२४ साली चवदार तळं ठरावानं खुलं केलं. कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं, मागोमाग हजारोंनी घेतलं, आणि त्याच दिवशी आपल्या माणसांची डोकी फुटली. मग शेण, गोमूत्र, दूध, दही भरलेल्या १०८ घागरी बुडवून तळं 'शुद्ध' केलं. नगरपालिकेनं ठराव फिरवला. सवर्ण कोर्टात गेले : तळं खाजगी आहे! जनावरं पीत होती तोवर सार्वजनिक, आम्ही आलो की खाजगी. हायकोर्टात निकाल आपल्या बाजूनं लागला तो १९३७ साली. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं.

त्याच्या कितीतरी आधी, १८६८ साली, जोतिबांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. तो हौद खरोखर खाजगी होता. खाजगी खुला झाला, सार्वजनिक बंद राहिला. हा आपल्या देशातला पाण्याचा इतिहास.

पंच म्हणतात, जुनं कशाला उकरतोस? अरे, पाटी लावतात ती जुनं ध्यानात राहावं म्हणूनच ना? मग शेटच्या आईचं नाव दगडात कोरायचं आणि माझ्या आजीची ओंजळ पुसायची, हा कुठला हिशेब? त्या बाईशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते 'सर्व' या शब्दाशी.

माझी ओळ तयार आहे : 'इथे पाणी होते, पण सर्वांना नव्हते.' कोरा ही ओळ, शेटच्या आईच्या नावाखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. वर्गणी मी माझ्या पगारातनं देतो. कोरायची नसेल तर कविता मागायला येऊ नका. आजीला वाचता येत नाही, पण ती पाटी कशी वाचायची ते तिनं मला शिकवलंय.